प्रकाशित झाल्याबद्दल

नेमसिंग राठोड अकरा वर्षं कथा लिहीत होता आणि अकरा वर्षं त्या छापून येत नव्हत्या. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो वजनकाट्यावर बसायचा आणि पहाटे उठून लिहायचा. पूर्वी कथा साभार परत तरी यायच्या. ईमेल आल्यापासून तेवढाही मान राहिला नव्हता. उमेद खचायला लागली म्हणून त्याने मोबाइलवर 'सात दिवसांत लेखक व्हा' हे शिबिर केलं. तिथल्या सरांनी गुरुमंत्र दिला, "ध्येय जाहीर करून टाका. लाजेखातर तरी पूर्ण होईल." सरांचं स्वतःचं पुस्तक कोणतं, हे सातही दिवसांत कोणी विचारलं नाही.

नेमसिंगने घरच्या ग्रुपवर जाहीर केलं, 'यंदा दिवाळी अंकात माझी कथा येणार.' खाली बावीस अंगठे आले. त्यातला एक त्याच्या साळ्याचा, सुनीलचा होता. सुनीलचं दिग्रसला फ्लेक्सचं दुकान होतं.

तिसऱ्या दिवशी नेमसिंगच्या बंजारा तांड्याच्या फाट्यावर, एसटी थांबते तिथे, भलामोठा फ्लेक्स लागला. वर नेमसिंगचा लग्नातला फोटो. शेजारची बबिता कापून टाकली होती, पण तिचा बांगड्यांनी भरलेला हात नवऱ्याच्या खांद्यावर तसाच राहिला होता. 'दिवाळी अंकात कथा प्रकाशित झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली आठ शुभेच्छुक, आणि त्यात सगळ्यात मोठे, गॉगल लावलेले, तांड्याचे प्रमुख, नाईक प्रेमसिंग.

"सुनील, 'झाल्याबद्दल' कायले टाकलं? अजून कुठं झाली?"

"जिजाजी, 'होणार असल्याबद्दल' असा फ्लेक्स कोणी लावते काय? आमच्याकडं नमुना एकच हाय. नाव अन् फोटो तेवढा बदलतो."

"काढ तो आधी."

"नाईकांचा फोटो हाय त्याच्यावर. तुमीच काढा."

नाईकांचा फोटो असलेला फ्लेक्स वारा काढतो, माणूस काढत नाही.

नाईकांनी आधी स्वतःचा फोटो पाहिला, मग मजकूर वाचला आणि रविवारी सत्कार ठेवला. "अंक घेऊन येजो. सगळ्याईसमोर वाचून दाखवजो," असा हुकूम सुटला. नेमसिंगच्या आईने, मानीबाईने, बोरी अरबच्या बहिणीला बोलावणं धाडलं आणि ठेवणीतला आरशांचा घागरा उन्हात टाकला. लेकाचा सत्कार ती जन्मात पहिल्यांदा बघणार होती. तो घागरा बघून नेमसिंग जेवणावरून उठला.

त्याने संपादकांना फोन लावला.

"म्हशीची कथा ना? बरी आहे," संपादक म्हणाले. "पण अंक छपाईला गेला. पुढच्या वर्षी आठवण करा."

"साहेब, रविवारी माहा सत्कार हाय हो."

"अरे वा, अभिनंदन," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शेवटी त्याने सगळं बबिताला सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "लोकाईनं वाचलं पाह्यजे, एवढंच ना? मंग फ्लेक्सवरच टाका. फाट्यावर माणसं एसटीची वाट पाहत तासतास बसून राह्यते."

"फ्लेक्सवर कथा?"

"वाढदिवस चालते, तेरवी चालते. कथेनंच कोणाचं घोडं मारलं?"

सुनीलने कथा मशीनवर चढवली, पण जागा पुरेना. नेमसिंगचा फोटो काढला, सात शुभेच्छुक काढले, तरी शेवटचे दोन परिच्छेद बाहेरच.

"नाईकांचा कसा काढू?" सुनील म्हणाला. "उद्या माह्या दुकानात कोण येईन?"

शेवट गेला, नाईक राहिले.

कथा साधी होती. बाजारात विकलेली म्हैस दावं तोडून सात कोस चालत जुन्या घरी येते. नवा मालक तिला न्यायला येतो. म्हातारी मालकीण दारात आडवी उभी राहते, म्हैस मान वर करते, आणि तिथे नाईकांचा गॉगल सुरू होतो.

रविवारी मांडवात नेमसिंग, शाल, नारळ आणि माइकवाला एवढेच जमले. बराच वेळ वाट बघून नेमसिंग फाट्यावर गेला, तर सगळा तांडा तिथे नव्या फ्लेक्सपुढेच होता. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून वाचत होता आणि कंडक्टर घंटी मारायचं विसरला होता. बबिता मोठ्याने वाचत होती, मानीबाई पदराने डोळे पुसत होती. म्हैस तिचीच होती, तिने ती दुसऱ्या ओळीतच ओळखली होती. अकरा वर्षांत आपलं लिहिलेलं वाचणारा माणूस नेमसिंगने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला, आणि त्याला भरून आलं.

"म्हैस गेली का राह्यली?" ड्रायव्हर विचारत होता. "मले गाडी पुसदले न्यायची हाय."

"गेली असन. इकली म्हणजे इकली," कंडक्टर म्हणाला.

"जाते कशी? म्हतारी सोडन काय तिले?" चंदाबाई किराणावाली कडाडली. बघता बघता दोन तट पडले.

तेवढ्यात नाईक आले. गर्दी आपल्या फोटोपुढे जमली, असं वाटून ते आधी खूश झाले. मग त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले. वाचता वाचता बोट त्यांच्याच गॉगलवर येऊन थांबलं.

"नेमसिंग, याचा शेवट कुठं हाय?"

"नाईक, जागा पुरली नाही," नेमसिंग म्हणाला. "तुमचा फोटो हाय ना, तिथं होता."

सुनील मागच्या मागे सरकायला लागला. नाईकांनी गॉगलातल्या स्वतःकडे बराच वेळ पाहिलं.

"सुनील, कुठं पळून राह्यला? माहा फोटो काढ, अन् म्हैस पुरी कर."

नेमसिंग शाल घ्यायला मांडवात परत गेलाच नाही. सत्कार झाला होता.