बिनहवेची पंगत

आमच्या शेजारच्या काकाजींकडे गेलात तर तुम्ही चपला काढायच्या आधीच ते तोंडावर बोट ठेवून म्हणतात, "हळू बोला. ते जेवून राह्यले."

पहिल्यांदा मला वाटलं, पाहुणे आले असतील. चोरपावलांनी आत गेलो तर पाहुणे नाहीत, ताटं नाहीत. कपाटात सलाइनच्या काचेच्या दोन बाटल्या उलट्या टांगलेल्या, आणि दोन्हींना काकाजींचे जुने काळे मोजे चढवलेले. एका मोज्याच्या भोकातून चिखल दिसत होता.

"हे जेवून राह्यले?"

"हेच. यायले उजेड चालत नाई, हवा तर बिलकुल नाई. म्हणून मोजे."

काकाजी म्हणजे भाऊरावजी. वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं परिचर होते. प्रयोग दुसऱ्यांनी करायचे, नळ्या यांनी घासायच्या. निवृत्त व्हायला महिना उरला असताना तिथे बाहेरच्या एका बाईंचं व्याख्यान झालं. काकाजी खिडक्या लावायला थांबले होते. बाई म्हणाल्या, तळ्याच्या तळाशी हवा पोचत नाही, तिथल्या गाळात मिथेन तयार होतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच. तो सगळा वर आला तर दुनिया आणखी तापेल. पण त्याच काळोखात डोळ्यांना न दिसणारे जीव बसलेले असतात आणि तो वाटेतच खाऊन टाकतात. त्या दिवशी कॉलेजच्या खिडक्या रात्रभर उघड्या राहिल्या.

"मास्तर, जल्मभर मी गाळाले घाण समजलो," काकाजी मला म्हणाले. मी शाळेत मराठी शिकवतो. विज्ञानाशी माझी ओळख दहावीच्या काठावरच्या मार्कांपुरती. तरी मी शंका काढली, की हवाच नाही तर हे श्वास कशाने घेतात?

"तेरा शून्य पंचेचाळीस," काकाजी म्हणाले.

ते संत्र्यावर फवारायचं खत. त्यातल्या नायट्रेटमध्ये प्राणवायू बांधलेला असतो. हे जीव तो सोडवून घेतात आणि त्यावर मिथेन पचवतात. काकाजी सुईने थेंबथेंब खताचं पाणी बाटलीत सोडत. गाळ आणला होता हिंगणीच्या एका नाल्यातून, जिथे शेतातलं खत वर्षानुवर्षं वाहून येतं. हिंगणी काकूंचं माहेर. त्यांच्या भावाकडे गोबरगॅस आहे, तिथून काकाजी सायकलच्या ट्यूबमध्ये गॅस भरून आणत. पहिल्या वेळी ते ट्यूब गळ्यात घालून एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, यात काय? काकाजींना खोटं बोलता येत नाही, असं तेव्हा आम्ही सगळेच समजत होतो. "गॅस," ते म्हणाले. कंडक्टरने त्यांना सेलूला उतरवलं. पुढचं अंतर ते ट्यूबसकट चालत आले.

दुसऱ्या बाटलीतला गाळ त्यांनी काकूंच्या कुकरमध्ये लागोपाठ तीन दिवस, सहा-सहा शिट्ट्या देऊन शिजवला, म्हणजे त्यात कोणी जिवंत राहू नये. गॅस दोन्हींत सारखा भरला. "जित्या गाळानं गॅस संपवला आन् शिजल्यानं नाई, तर झालं शाबीत." काकूंनी तो कुकर पुन्हा हातात घेतला नाही. त्या बाटल्यांना 'तुमचा चिखल' म्हणत आणि तो शब्द असा उच्चारत, की सवत बरी.

हे जीव वाढतात फार सावकाश. तीन वर्षं गेली. मग एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तर काकाजी ओसरीवर बसलेले. घरात विळ्यापासून सायकलपर्यंत सगळ्या अवजारांवर आदल्या दिवशीच्या पूजेचं हळदकुंकू होतं.

"जित्या बाटलीचं बूच निसटलं," ते म्हणाले. "माह्याच हातून. हवा गेली आत. सगळे मेले, मास्तर."

मी आयुष्यात इतका खचलेला माणूस फार कमी वेळा पाहिला आहे. पण आठवड्याने ट्यूब पुन्हा गळ्यात आली. आणि नवल म्हणजे काकू बदलल्या. कपाटाला कुलूप लागलं, किल्ली त्यांच्या कमरेला. काकाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा खताचे थेंब काकूंनी सोडले. 'तुमचा चिखल'चा 'आपला चिखल' झाला.

आणखी तीन वर्षांनी, या वर्षी, कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात काकाजींना दहा मिनिटं मिळाली. ज्या टेबलावर त्यांनी बत्तीस वर्षं फडकं मारलं, त्याच टेबलामागे ते इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले. मागच्या रांगेत एक प्राध्यापक हसून म्हणाले, "भाऊरावजी, झाल्यावर बाटल्या धुऊन ठेवा." काकाजींच्या कानापर्यंत ते गेलं. जित्या बाटलीतला गॅस पेटला असता तर सहा वर्षं पाण्यात गेली असती.

त्यांनी सिरिंजने शिजलेल्या गाळाचा गॅस ओढला आणि दिव्याच्या ज्योतीवर सोडला. निळा भपका उठला. पोरं ओरडली. मग जित्या बाटलीतला ओढला. गॅस ज्योतीवर गेला, ज्योत थरथरली आणि विझली. निळं काही उठलंच नाही. खाल्ला होता, सगळा खाल्ला होता. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. ते प्राध्यापक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मी, मराठीचा मास्तर, खुर्चीवर चढलो होतो.

काकाजींची नोंदवही माझ्याकडे सांभाळायला होती. खाली बसून मी ती चाळली. त्या दसऱ्याच्या पानावर लिहिलं होतं, 'बूच माझ्या हातून निसटले. पुन्हा सुरुवात.' खाली आपट्याचं एक वाळलेलं पान चिकटवलेलं. त्याच्या कडेला चिखल होता. मला काही उमगलं नाही.

शेजारी बसलेल्या काकूंनी पदराने डोळे पुसले. "मास्तर, कोणालेच नाई सांगितलं आजलोक. त्या दसऱ्याले बूच मीच काढलं होतं. घरातल्या साऱ्यायची पूजा केली, म्हटलं यायनं काय पाप केलं? सोन्याचं एक पान आत टाकलं आन् बूच परत लावलं. त्याईले वाटते, त्याईच्याच हातून निसटलं. त्याईले सांगू नोका."

मी वही मिटली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. "नाही सांगणार," मी म्हणालो.

स्टेजवर पोरांनी गाळ बघायचा हट्ट धरला होता. काकाजींनी बाटली उचलली, मोजा काढला आणि थांबले.

"आता उघडली तरी चालते, हिची जोडीदार घरी भरून ठेवली हाये," ते म्हणाले आणि आमच्या रांगेकडे पाहू लागले. "अवं, वर ये. बूच तू काढ."