अचूकरावांचा साप

संग्रहालयात अचूकरावांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! सापाच्या पोटावरचे खवले मोजायचे आणि त्यावरून जात ठरवायची, हे त्यांचं काम. "तीस वर्षांत कधी दुसऱ्यांदा मोजलं नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मोजायला येणारे सगळे साप मेलेले असत, हे मात्र ऐकवत नसत.

त्या दिवशी पार्सलातून कँडोइया आला. दूरदूरच्या बेटांवर नांदणारं हे सापांचं घराणं. संचालक म्हणाले, "खवले दोनशेच्या वर गेले तर नवी जात. आणि तिला तुमचं नाव!"

अचूकरावांची छाती फुगली. गोळा होऊन थंडगार पडलेला साप त्यांनी उलगडला आणि मानेपासून मोजायला घेतला. एकेचाळिसाव्या खवल्याला सापाने श्वास घेतला.

बेचाळिसाव्याला त्याने मनगटाला विळखा घातला! अचूकरावांना दरदरून घाम फुटला. साप बिनविषारी, हे त्यांना पाठ होतं. पण ज्ञान डोक्यात होतं आणि साप हातात. सोडावा तर नाव जाणार, ओरडावं तर आकडा जाणार!

शेजारी बरण्यांची लेबलं लिहिणाऱ्या बाई किंचाळल्या, "अगंबाई, जिवंत आहे! चावला का हो?"

"सत्तेचाळीस!"

"सत्तेचाळीस वेळा?"

"अठ्ठेचाळीस!"

"देवा रे, विष डोक्यात चढलं!" म्हणत बाईंनी डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर धापा टाकत पोचले, तोवर सापाचं डोकं अचूकरावांच्या बाहीत शिरलं होतं. जीव मुठीत धरून ते एकेक खवला पुढे सरकत होते.

"चक्कर येतेय का?"

"एकशे त्रेसष्ट!"

"मला ओळखता?"

"एकशे चौसष्ट!"

डॉक्टरांनी बाईंकडे बघून मान हलवली आणि सुई भरायला घेतली. अचूकरावांनी सुईकडे बघितलं, पण खवल्यावरचं बोट ढळू दिलं नाही. एकशे सत्त्याण्णव. एकशे अठ्ठ्याण्णव. शेपटीच्या मुळापर्यंत अजून चांगले सात-आठ खवले दिसत होते! आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

"एकशे नव्व्याण्णव!"

"पेशंटचं वय?" डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

"साठ लिहा."

चुकीचा आकडा! तोही कागदावर! अचूकरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सत्तावन्न!" ते गरजले, आणि पुढच्या खवल्यावर बोट ठेवून म्हणाले, "अठ्ठावन्न."