दोरीने बांधलेली दारे

मूळ रहिवासी हा प्रत्येक नव्या शहराचा अभिमान असतो. तो नेमका शहराच्या जागेवरच राहत असला, की मात्र थोडी अडचण होते.

ही अडचण शासनाने वेळीच ओळखली. १९९५ साली जगभर मूळ रहिवाशांचे दशक सुरू झाले, तेव्हा सीबीडी बेलापूरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, ‘मूळ रहिवासी गौरव कक्ष’ उघडला. कक्षाने लगेच प्राधान्यक्रम ठरवला: पहिले गौरव भवन, दुसरे भवनाचे वाहनतळ, तिसरे वाहनतळाचे सुशोभीकरण. (मूळ रहिवासी अकराव्या क्रमांकावर, ‘इतर’ या सदराखाली.)

भवनाला जागा हवी होती. खांदेश्वरच्या पलीकडे टेकडीखाली ती सापडली. तिच्यावर सव्वीस झोपड्यांची कातकरवाडी होती. पथक फेब्रुवारीत पाहणीला गेले. (घाई केली असे कोणी म्हणू नये, पथक तीनदा गेले, तिन्ही वेळा फेब्रुवारीतच.) अहवाल असा: झोपड्या सव्वीस. दारांना दोऱ्या बांधलेल्या, कुलूप एकालाही नाही. माणसे शून्य. कुत्रा एक, त्याने निवेदन देण्यास नकार दिला. शेरा: जागा निर्मनुष्य.

दिवाळी झाली की वाडी वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते, हे तालुक्यात त्या कुत्र्यासकट सर्वांना ठाऊक होते. अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

जूनमध्ये वाडी परतली, तो दारोदार नोटिसा: पंधरा दिवसांत घरे पाडणार. वाडीच्या वतीने पुतळाबाई मुकणे बेलापूरला आल्या. कक्षाचे लिपिक नंदकिशोर मनमिळाऊ. त्यांनी खुर्ची दिली.

“मावशी, फेब्रुवारीत कुठे होता तुम्ही?”

“भट्टीवं. माजी आजी कोलशाच्या भट्टीवं जायची, आमी विटांच्या.”

“म्हणजे तुम्ही स्थलांतरित. ते खातं तिसऱ्या मजल्यावर.”

तिसऱ्या मजल्याने, वाडीत घर असल्याच्या कारणावरून, त्यांना मूळ रहिवासी ठरवून खाली पाठवले. चौथ्या फेरीला पुतळाबाईंनी विचारले, “मदी जिन्यातच रायलो तं चालंल का?”

नंदकिशोर मनापासून हसले. “टेन्शन नका घेऊ. भट्टीवर होता याचा पुरावा द्या, मी पुढे पाठवतो.”

कक्षाची मागची भिंत नवी होती, गिलावा व्हायचा होता. पुतळाबाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि एका विटेवर उमटलेल्या साच्याच्या छापावर बोट ठेवले. “ह्यो चांद बगा विटंवं. आमच्याच साच्यातला हाय. ही वीट माज्या हातची.”

पुरावा ग्राह्य धरण्यात आला. अर्जदार फेब्रुवारीत भट्टीवर असल्याचे, म्हणजेच वाडीत नसल्याचे, निर्विवाद सिद्ध झाले. पुरावा फाइलला जोडता येईना, म्हणून फाइल भिंतीला टेकवून ठेवली. पंधराव्या दिवशी जागा मोकळी झाली.

भवन पाहण्यासारखे आहे. तळमजल्यावर कातकरी झोपडीची हुबेहूब प्रतिकृती आहे, दाराला दोरीसुद्धा. (हात लावू नये.) पुतळाबाई सध्या हायवेच्या पुलाखाली असतात. पूल कोणत्या मजल्याच्या अखत्यारीत येतो, यावर दोन्ही मजल्यांचा पत्रव्यवहार चालू आहे.

आपण दर मे महिन्यात महिनाभर गावी जातो. दूध-पेपर बंद ठेवायला सांगतो, दाराला कुलूप लावतो. परत येतो तेव्हा घर जागेवर असते, आणि याचे आपल्याला आजवर कधी नवल वाटलेले नाही. आपल्या घराच्या भिंतीचा गिलावा खरवडून चांद शोधत बसू नये. चौकशी झालीच, तर आपल्यापाशी किल्ली आहे.