सुदाम आण्णांची तोंडी परीक्षा

आमच्या कॉलेजात स्पॅनिशचा वर्ग सुरू झाला, त्याच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि सगळ्यांना ते एकेक करून मोठ्यानं म्हणायला लावलं. अर्थ होता, ‘मी माद्रिदला राहतो.’ चौदा जणांनी निमूटपणे माद्रिदला मुक्काम हलवला. पंधरावे सुदाम आण्णा. ते उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "म्याडम, मी नेकनूरला राहतो. इचारा ह्या दिनकरला."

दिनकर म्हणजे मी, कॉलेजच्या ग्रंथालयातला कारकून. पुस्तकांत राहिलेला माणूस सहसा कशानं हादरत नाही, पण त्या दिवशी मी बाकाखाली शिरायचा बाकी होतो. मॅडम म्हणाल्या, आजोबा, हे नुसतं सरावाचं वाक्य आहे. आण्णा म्हणाले, सराव खऱ्याचा करावा, खोट्याचा कावून? मॅडम पुण्याहून आलेल्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या, वय जेमतेम पंचवीस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे प्रकरण वर्गात कुणी आणलं, ते त्यांना बरोबर समजलं होतं.

आणलं होतं मीच. आमच्या संस्थेचे अध्यक्ष सहकाराचा अभ्यासदौरा करून आले होते. तिकडे स्पेनमध्येही कोरडा मुलूख आहे आणि तिथले शेतकरी सोसायट्या कशा झकास चालवतात, हे पाहून ते इतके भारावले की बीडच्या पोरांना स्पॅनिश आलंच पाहिजे, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पोरांना काही तसं वाटेना. पंधरा नावं भरली नाहीत तर वर्ग रद्द होणार होता. फी माफ करूनही गाडी चौदावर अडली, त्यातही एक मी आणि दोन शिपाई. तेव्हा मी आमच्या गावच्या सुदाम आण्णांना गळ घातली. ते एरवी रिकामेच होते.

आण्णा गावच्या दूध संस्थेत टेस्टर. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या किटल्यांत काचेची डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटर, बुडवून दुधातलं पाणी पकडलं. पाणी सापडलं की आवाज न चढवता म्हणायचे, "ह्याच्यात पानी हाय," आणि किटली बाजूला सारायचे. मग ती सरपंचाची असो की मेहुण्याची. एकदा त्यांच्या बायकोनं, कौसाकाकूंनी, किटली विसळली आणि तळाला कपभर पाणी राहून गेलं. आण्णांनी चारचौघांत स्वतःच्या घरचं दूध परत पाठवलं. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलल्या, तेव्हा आण्णांनी, आपलं काय चुकलं होतं, असं खरोखरच विचारलं, हे सगळं गाव अजून सांगतं.

पुढे दुष्काळाचं तिसरं वर्ष उजाडलं. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. कौसाकाकू त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. आण्णा काकूंचं नावही काढत नसत. सकाळी छावणीत जाऊन एकुलत्या म्हशीला वैरण टाकायची आणि दिवसभर कुलूपबंद डेअरीच्या पायरीवर बसायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम. म्हणून मी नाव सुचवलं. वर्गाची अशी दशा होईल याची मला कल्पना नव्हती.

कारण डिग्री सुटली तरी सवय सुटली नव्हती. धड्यात खानावळीतला प्रसंग आला, मॅडम वेटर झाल्या आणि त्यांनी आण्णांना काय घेणार म्हणून विचारलं. आण्णा म्हणाले, "काई नको, घरून भाकर खाऊन आलतो." पेपरात ‘माझं नाव कार्लोस’ असं छापलेलं होतं, तिथे कार्लोस खोडून त्यांनी सुदाम लिहिलं आणि शेजारी सही केली. एकदा धडा हवामानाचा होता. ‘पाऊस पडतो आहे’ असं म्हणायचं होतं. आण्णा उठले, खिडकीशी गेले, बाहेर पाहिलं. समोर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागली होती. ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "ह्याच्यात पानी न्हाई, म्याडम." एरवी खिदळणारी पोरं त्या दिवशी हसली नाहीत. मॅडमनी फळा पुसला आणि दुसरा धडा काढला.

म्हणजे माणूस ढ होता असं अजिबात नाही. पाठांतर पक्कं. छावणीत म्हशीसमोर बसून शब्द घोकायचे, आणि शेजारचे शेतकरी, आण्णांना काही बाहेरचं लागलंय का, म्हणून मला येऊन विचारायचे. फक्त खोटं वाक्य आलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. कुटुंबाचा धडा आला, तुमची पत्नी काय करते असा प्रश्न आला, तेव्हा तर आण्णांनी वही मिटली आणि ते वर्गातून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले.

तोंडी परीक्षेत ते नापास झाले. मी पहिल्या झटक्यात पास. मी बेधडक माद्रिदला राहिलो, एकही बहीण नसताना दोन बहिणी सांगितल्या आणि वर रोज पोहायला जातो असंही ठोकून दिलं. दुसऱ्या खेपेलाही आण्णा नापास झाले. नियमानं तिसरी संधी शेवटची. पास झाले तर पुढच्या वर्गात प्रवेश, नापास झाले तर कायमचे घरी. घरी म्हणजे त्याच डेअरीच्या पायरीवर. वर्गाला लागल्यापासून आण्णा धुतलेला सदरा घालून सकाळच्या एसटीला सगळ्यांच्या आधी उभे असायचे. ते बंद होणार या विचारानं मला खरंच झोप येईना.

मी त्यांना ग्रंथालयात बसवून विनवण्या केल्या. आण्णा, परीक्षेतलं खोटं हे खोटं धरत नाहीत. ते म्हणाले, "मग काय धरतेत?"

परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले. नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी दारातच उभा. आण्णांना चिठ्ठी मिळाली. तुम्ही माद्रिदच्या रस्त्यावर आहात, ओळखीचा माणूस भेटतो, त्याच्याशी बोला. परीक्षकांनी विचारलं, कुठे राहता? आण्णा स्पॅनिशमध्ये म्हणाले, नेकनूरला. मॅडमनी मान खाली घातली. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

परीक्षकांनी चिठ्ठीतला पुढचा प्रश्न विचारला. "तुमची पत्नी कशी आहे?"

आता हे उठून जाणार, म्हणून मी दारातून बाजूला सरलो. आण्णा उठले नाहीत. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. परीक्षक प्रश्न पुन्हा विचारणार, एवढ्यात ते म्हणाले, "एस्ता ब्येन." बरी आहे.

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण आण्णा थांबले नव्हते. एकेक शब्द ते किटली उचलून ठेवावी तसा जपून ठेवत होते. आता ती घरी आहे. नीट जेवते. नीट झोपते. मुय ब्येन. अगदी बरी आहे. परीक्षक खूश होऊन मान डोलावत होते. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या.

तासाभरानं मॅडमनी येऊन सांगितलं, पास. आण्णांनी त्यांना नमस्कार केला. आम्ही स्टँडवर आलो, नेकनूरच्या गाडीत बसलो. मला राहवेना. मी म्हणालो, "आण्णा, आज पाणी घातलंत."

"समदं पानीच व्हतं," ते म्हणाले. गाडी बीडबाहेर पडली. मग ते आपणहूनच बोलायला लागले. "दवाखान्यात तिनं इचारलं व्हतं, आवो, मी बरी व्हईन का? डाक्टर आधीच म्हणलेते, व्हय म्हणा. मला व्हय म्हणताच न्हाई आलं. लई येळ ती माह्या तोंडाकडं बघत व्हती. मग म्हणली, ऱ्हाऊ द्या. आन् भिंतीकडं तोंड करून निजली."

मी नुसताच त्यांच्या हातावर हात ठेवला. हात थंड होता.

"आपल्या बोलीत अजून बी न्हाई येत म्हणता," ते म्हणाले. "त्या बोलीत आज आलं." आणि जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "दिनकर, तिला कळलं असंल का रे? तिला तर त्यातलं काईच येत न्हवतं."

"कळलं असेल, आण्णा," मी म्हणालो. "नक्की कळलं असेल."

आण्णांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं दूध पारखलेली ती नजर मला ठाऊक होती आणि मी ‘ह्याच्यात पानी हाय’ हे वाक्य ऐकायची तयारी केली. पण त्यांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली आणि नेकनूर येईपर्यंत माझा हात धरून बसले.