कानाचा फोटो पाठवा

दिगूशेटकडून तुम्हाला डूल घ्यायचे असतील तर पैसे नंतर, पत्ता नंतर, आधी कानाचा फोटो पाठवावा लागतो. चेहऱ्याचा चालत नाही. एका मुलीने केस मोकळे सोडून, मान तिरकी करून काढलेला झकास फोटो पाठवला. शेटनी मला उत्तर लिहायला लावलं, "चेहरा छान आहे. कान दिसत नाही. केस बाजूला घेऊन पुन्हा पाठवणे." तिने पुन्हा काहीच पाठवलं नाही.

उत्तरं लिहायला मी असतो, कारण मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालो आहे. त्या खात्यात मी एकतीस वर्षं नवीन कनेक्शनचे अर्ज फायलीला लावले, त्यातले बरेचसे न वाचता. पण फोन म्हटला की त्यातलं सगळं मला कळणार, अशी शेटची समजूत आहे, आणि घरं समोरासमोर असल्यामुळे ती मोडून काढायची सोय नाही. रोज सकाळी दहाच्या सुमारास ते चष्मा कपाळावर चढवून आमच्या ओटीवर येतात, मोबाईल माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "बगा, आज कोण कान घेऊन आलंय."

दिगंबर वेदक हे आमच्या आळीतले पिढीजात सोनार. बायको बरीच वर्षांपूर्वी गेली. एक मुलगी होती, ती लग्न होऊन लांब कुठेतरी असते, एवढंच आळीला माहीत होतं, आणि आळीला एवढंच माहीत असणं ही आमच्याकडे नवलाचीच गोष्ट. पुढे हमरस्त्यावर काचेच्या दारांची, गारेगार हवेची शोरूम झाली, आणि शेटच्या दुकानात लोक फक्त त्या शोरूमचा पत्ता विचारायला येऊ लागले. शेट तो अगदी खाणाखुणांसह बरोबर सांगत. शेवटी त्यांनी सोनं सोडलं आणि पितळ धरलं. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांची राजापूरची भाची राहायला आली होती, तिने पितळी डुलांचे फोटो काढून एका विक्रीच्या साइटवर शेटचं पान उघडून दिलं. सुट्टी संपल्यावर भाची गेली, आणि पान माझ्या गळ्यात पडलं.

माल मात्र अस्सल. शेटच्या हातचा डूल बघितला की बाजारातले डूल पत्रे कापून केल्यासारखे वाटतात. दोष असलाच तर तो मालकात आहे. जगात माणसं नसून कान आहेत आणि त्या कानांना चुकून माणसं जोडलेली आहेत, अशा हिशेबाने हा गृहस्थ वावरतो. गणपतीपुळ्याहून परतताना एक जोडपं मुद्दाम वाट वाकडी करून घरी आलं. बाईंना टपोरे झुमके हवे होते. शेटनी त्यांचा कान उजेडात नेऊन बघितला आणि झुमके परत डब्यात ठेवले. "पाळी पातळ हाय तुमची. हिला झुमका म्हणजे शिंक्यात वरवंटा." बाई रागावल्या. नवरा मात्र खूश दिसला, कारण नको म्हणायचं त्याचं काम आपोआप झालं होतं.

दुसऱ्या एका गृहस्थाला बायकोच्या वाढदिवसाला गुपचूप भेट द्यायची होती. कानाचा फोटो कसा काढणार, तिला कळेल ना, असं त्याने लिहिलं. "पाळी जाड की बारीक, तेवढं तरी सांगा," शेटनी कळवलं. त्याला ते सांगता येईना. "बायकोचा कान ठाऊक नाय आणि डूल द्यायला निघालात," हे वाक्य मी बरंच मवाळ करून पाठवलं. महिन्याभराने त्याचा निरोप आला, "बघितला. पाळी जाड आहे." त्याने काही घेतलं नाही. शेट म्हणाले, "नसेना का. बघितला ना."

रत्नागिरीतले निम्मे कान शेटनी टोचलेले आहेत, आणि टोचलेला कान आपल्या मालकीचा असतो अशी त्यांची पक्की धारणा आहे. एकदा मी त्यांच्याबरोबर मिरकरवाड्याला मासळी आणायला गेलो. चाळिशीची एक दणकट बाई दरात तसूभर हलायला तयार नव्हती. शेटनी वाकून तिच्या कानाकडे बघितलं आणि म्हणाले, "हा कान माझा गो." बाई लहान मुलीसारखी लाजली आणि तिने दोन बांगडे जास्तीचे टाकले. दुसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन त्याच बाईच्या कानाकडे प्रेमाने बघितलं. त्यावर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझा कान त्यांनी पहिल्याच दिवशी तपासला होता. बारशाला टोचलेलं भोक केव्हाच बुजलं होतं. "वाया गेलेला कान," ते म्हणाले होते. "ऐकण्यापुरता ठीक हाय."

मालाची बांधाबांध हाही एक सोहळाच. आंब्याच्या पेटीतला पेंढा जपून ठेवायचा आणि त्यात डूल घालून पाठवायचे. एका बाईंनी डुलांना तीन तारे दिले आणि वासाला पाच. सोबत शेटच्या अक्षरातली चिठ्ठी असते, "झोपताना काढावे. आंघोळीला काढावे. नणंदेशी भांडताना काढावे." या चिठ्ठीबद्दल तीन नणंदांच्या लेखी तक्रारी माझ्याकडे आहेत.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका जोडीने. शेटच्या पानावर अगदी वरती एका डुलांच्या जोडीचा फोटो होता. मोराच्या पिसासारखी नाजूक कोरणी, खाली एकेक मोती. सगळ्या मालात देखणी जोडी, फक्त डावा डूल उजव्यापेक्षा तांदळाभर लांब. ते फोटोतही दिसे. ती काढा किंवा नीट करा, असं मी वर्षभर सांगत होतो. शेट नुसतं "असूं दे" म्हणत. लोक लिहीत, फोटोत एक लहान एक मोठा आलाय, लक्ष आहे का? शेट मला उत्तर सांगत, "डूल बरोबर आहेत. तुमचे कान सरळ आहेत, त्याला आमचा इलाज नाही." काहींना ती तशीच हवी होती, दुप्पट पैसे देऊन. त्यांचे कान बघून शेट नको म्हणत. विकायचं नाही ते दुकानाच्या दर्शनी भागात मांडायचं, हे धंद्याचं तत्त्व मला तरी कुठे शिकवलेलं आठवत नाही.

व्हायचं तेच झालं. साइटवाल्यांची नोटीस आली. ग्राहकांकडून शरीराच्या अवयवांचे फोटो मागितले जातात, आणि सदोष माल मुद्दाम पुढे मांडला जातो. आठ दिवसांत दोन्ही थांबवा, नाहीतर पान कायमचं बंद. शेट तेव्हा मोबाईल माझ्याकडे ठेवून दोन दिवसांसाठी भाचीकडे राजापूरला गेले होते. मी म्हटलं, बरी संधी आहे. मी ती जोडी पानावरून काढून टाकली. फोनमध्ये साठलेले साडेतीनशे कानही पुसून टाकले. इतक्या तडफेने मी खात्यात एकही काम केलं नव्हतं. बायकोला चहा करायला सांगून मी स्वतःवर खूश होऊन बसलो.

शेट परत आले, ओटीवर बसले, आणि पान वरखाली करून ती जोडी शोधू लागले. मी नोटीस समजावून सांगितली. ते भडकतील म्हणून चार वाक्यं तयार ठेवली होती, ती वायाच गेली. त्यांनी फोन गुडघ्यावर पालथा ठेवला.

"आता ती मला कशी शोधील?" ते म्हणाले.

कोण, असं मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं, अंगणातल्या चिऱ्यांकडे बघत, एरवीच्या मानाने फारच हळू.

मुलीचं नाव पल्लवी. तिचे कान टोचायला दुसऱ्या सोनाराला बोलवा, असं बायको म्हणाली होती. आपल्या पोरीला आपण टोचू नये, हात धजत नाही. शेटना आपल्या हाताचा गर्व होता. उजवा कान बिनचूक झाला, पण पोर रडली, आणि डाव्याला हात हलला. हजारो कानांत चुकलेला तो एकच. भोक तांदळाभर वर गेलं. बाजारचा कुठलाही डूल तिच्या कानात वरखाली दिसे. म्हणून शेट तिच्यासाठी डावा डूल नेहमी तांदळाभर लांब करत. घातल्यावर दोन्ही एका रेषेत येत, आणि चूक कुणाला कळत नसे. तिलाही ते ठाऊक होतं. मैत्रिणींना ती ऐटीत सांगायची, माझे डूल फक्त माझे बाबाच करू शकतात.

"तिनं लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता, पण तेव्हा मला त्याची जात तेवढी दिसली. मी म्हटलं, जायचं तर जा, यापुढे दुसऱ्याच्या हातचे डूल घाल. तिनं कानातले काढले, काउंटरवर ठेवले आणि गेली. सात वर्षं झाली. तेच ते डूल."

नंबर मिळवून फोन करता आला असता, नावाने शोधता आलं असतं, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "जा म्हणालेल्या तोंडानं ये कसं म्हणू? आणि ती मागवील ती काय स्वतःच्या नावानं? माझीच पोर हाय, ताठ. शेजारणीच्या नावानं मागवील, भलत्याच पत्त्यावर मागवील. पण कान दुसऱ्याचा कुठून आणील?"

मला माझीच लाज वाटली. वर्षभर मी या माणसाच्या पानावर बसून मनातल्या मनात त्याची टिंगल करत होतो, आणि तो रोज सकाळी दहाला माझ्या ओटीवर येऊन साडेतीनशे कानांत एक कान शोधत होता. त्यात मी ते कानही पुसून टाकले होते.

जोडी मी तिथल्या तिथे परत वर चढवली. मग साइटवाल्यांना पत्र लिहिलं. एकतीस वर्षांची नोकरी पहिल्यांदाच कामाला आली. विषय, कानाच्या छायाचित्राबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर छायाचित्र हे मापाकरिता असून शिंप्याने छातीचे माप घेणे ज्याप्रमाणे आक्षेपार्ह मानले जात नाही त्याप्रमाणे, असं करत मी दोन पानं भरली. सदर जोडी सदोष नसून विशिष्ट मापाची आहे, हेही ठणकावलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. हे पत्र कुणी वाचलेलं नाही हे मी अनुभवाने ओळखलं. पण आठ दिवस होऊन गेले आणि पान काही बंद झालं नाही.

त्यानंतर शेट यायच्या आधी, साडेनऊलाच मी माझ्या फोनवर पान उघडून बघू लागलो. येणारा प्रत्येक कान मीही निरखायला लागलो. बायकोला काळजी वाटू लागली.

नवरात्र संपल्यावर एका सकाळी त्या जोडीसाठी मागणी आली. मागवणाऱ्या बाईचं नाव अनोळखी, पत्ता बडोद्याचा. आम्ही मागायच्या आधीच दोन फोटो जोडलेले होते. पहिल्यात डावा कान, मोकळा, आणि भोक जरासं वर. दुसऱ्यात एक इवलासा कान, अजून न टोचलेला, मागे जावळ. खाली एवढंच लिहिलं होतं, "पहिला कान तुमचा आहे. दुसरा अजून कुणाचाच नाही."

शेटनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. पहिला फोटो मोठा करून बघितला, मग दुसरा. परत पहिला. मग खाकरून, धंद्याच्या आवाजात ते म्हणाले, "लिहा. डूल कुरियरनं मिळणार नाहीत. दोन्ही कान घेऊन यावे."

मी एक अक्षरही मवाळ न करता ते पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, "दिवाळीत येतो. तिघं."

"तिघं," शेटनी दोनदा वाचलं. "बरं. त्याचाही कान बघू."

दुसऱ्या दिवशी ते आले ते मोबाईल न घेता. हातात हळद, खोबरेल आणि टोकाला घासून अणकुचीदार केलेली सोन्याची बारीक तार. हल्ली लोक दवाखान्यात नेऊन बंदुकीने कान टोचतात, त्यामुळे शेटनी गेली कित्येक वर्षं कान टोचला नव्हता. हात बसवायला हवा होता, आणि सराव केळीच्या पानावर होत नाही, म्हणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या कानाकडे बघितलं.

एकसष्ट वर्षांचा मी, माजघरात पाटावर बसलो. बायको दारात तोंडाला पदर लावून उभी राहिली. शेटनी पाळीवर कुंकवाचा ठिपका दिला, श्वास रोखला आणि टोचलं. ते वाकून बघू लागले.

"तांदळाभर वर गेलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. "दुसरा द्या."

मी मान वळवली. दिवाळीला अजून अकरा दिवस होते आणि मला कान दोनच होते.