शून्य रहदारीची पांदण

चिंचधऱ्याच्या पांदणीवरून रविवारी सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत पुढील गोष्टी गेल्या : मोटारी शून्य, मोटारसायकली शून्य, ट्रॅक्टर शून्य, बैलगाडी एक, शेळ्या तेवीस, शेळ्यांमागे एक बाई, आणि हातात पाण्याचा डबा घेतलेले दोन गृहस्थ. हे दोघे दगडावर वही घेऊन बसलेला तरुण पाहून अर्ध्या वाटेतून परत फिरले, म्हणून वहीत त्यांची नोंद अर्धा अधिक अर्धा, एकूण एक, अशी केलेली होती.

वही धम्मदीपची होती. तो मूळचा हिवरा आश्रमाजवळचा, भौतिकशास्त्रात एम.एस्सी., आणि गेले सात महिने खामगावातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. खोली भाड्याची. खोलीत कप एक, ताट एक, खुर्ची एक आणि सायकल एक. संध्याकाळी सहानंतर तो कोणाशी किती वाक्यं बोलतो हे त्याने एकदा आठवडाभर मोजलं होतं. सरासरी चार आली, आणि त्यातली तीन मेसवाल्याशी होती.

यावर उपाय म्हणून त्याने ‘निवांत सायकल, खामगाव’ असा ग्रुप काढला. सदस्य पाच. एक तो स्वतः. दुसरी पुण्यातली त्याची बहीण महामाया, जिच्याकडे सायकल नव्हती. तिसरे पंक्चरवाले नारायणराव, जे रोज पहाटे फुलांचं चित्र पाठवायचे. उरलेले दोघे कॉलेजातले, रसायनशास्त्राचे गोपाल सर आणि वनस्पतिशास्त्राच्या मयुरी मॅडम. त्याने सहा मार्ग सुचवले. सहाही वेळा तो एकटाच गेला.

“यायचं तर लय मनात असते हो,” गोपाल सर स्टाफरूममध्ये म्हणाले होते, “पण त्या हायवेवर ट्रक कसे चालते, पाह्यलं ना? मांगून हॉर्न वाजला का माह्या पायातला जीवच जाते.”

“मलाही गाड्यांचीच भीती,” मयुरी मॅडम म्हणाल्या. “रस्ता मोकळा असता तर आलेच असते.”

धम्मदीपने हे गंभीरपणे घेतलं. लोक येत नाहीत. कारण दिलं जातंय रहदारीचं. मग रहदारी शून्य करून पाहावी. तरीही लोक आले नाहीत, तर फक्त एकच कारण शिल्लक राहतं. त्या कारणाचं नाव त्याने वहीत लिहिलं नव्हतं. तिथे नुसती रिकामी रेघ ओढून ठेवली होती.

तीन रविवार शोधल्यावर त्याला चिंचधऱ्याची पांदण सापडली. दोन्ही बाजूंना बाभळी, मधून मातीची वाट, पलीकडे वेचणीला आलेली कपाशी, शेवटी पाझर तलाव. लांबी ५.४ किलोमीटर. तो एकटा सायकलने गेला तेव्हा बावीस मिनिटं लागली. मग त्याने खिशातून फीत काढली आणि रुंदी मोजायला लागला. तेवीस शेळ्या तिथेच थांबल्या.

“काय मोजून राह्यले हो?” शेळ्यांमागच्या सिंधूताईंनी विचारलं.

“रस्ता, मावशी.”

“काऊन?”

“सायकल चालवायची आहे.”

“सायकल चालवाले रस्ता मोजा लागते?”

“दोन सायकली बाजूबाजूनं जातील का, ते पाहून राह्यलो. म्हंजे बोलत बोलत जाता येते.”

सिंधूताईंनी पांदणीवर दूरवर पाहिलं. मग त्याच्या सायकलीकडे पाहिलं.

“एकच तं दिसते,” त्या म्हणाल्या.

धम्मदीपने रुंदी लिहून घेतली. ३.१ मीटर.

एका मोजणीवरून निष्कर्ष काढू नये, किमान तीन घ्याव्यात, हे तो विद्यार्थ्यांना दर आठवड्याला सांगत असे. पण शून्य हा आकडा पाहून त्याला इतका आनंद झाला की त्याने त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलं : “मार्ग क्रमांक ७. वाहने शून्य. येत्या रविवारी सकाळी सात. पोहे माझ्याकडे.”

“झिरो म्हणजे खरंच झिरो?” मयुरी मॅडमनी विचारलं.

“मोजलं आहे.”

“मग येते.”

गोपाल सरांनी अंगठा दाखवला. धम्मदीपने दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तीन कप घेतले; तिसरा, आलेच तर नारायणरावांसाठी.

इकडे चिंचधऱ्याच्या पारावर किसनराव बसले होते. किसनराव दोनदा सरपंच झालेले, त्यामुळे सरकार कसं विचार करतं हे त्यांना ठाऊक होतं, असं त्यांचं मत होतं.

“फीत होती?” त्यांनी विचारलं.

“होती ना. अन् वही,” सिंधूताई म्हणाल्या. “पण तो म्हणे सायकल चालवाची हाय.”

“म्हणंनच ना! सर्व्हेवाला कधी खरं सांगते का? मांगं शेजारच्या गावाचा सर्व्हे झाला, त्यायनं दिवसभर ट्रॅक्टर फिरवले. त्यायची पांदण पक्की झाली. आपल्या टायमाले रस्त्यावर कुत्रं नोतं. साहेबानं लिहून नेलं, वापर नाही.” किसनरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. “सर्व्हे एका दिवसात होत नाही, पुढच्या रविवारी परत येईनच तो. आता जो घरी बसंन, त्यानं पावसाळ्यात चिखलाचं नाव नाही काढाचं मह्याजोळ.”

पावसाळ्यात त्या पांदणीत गुडघाभर चिखल होतो. कोणी घरी बसलं नाही.

दुसऱ्या रविवारी धम्मदीप सहालाच जाऊन दगडावर बसला. पाहुणे यायच्या आत दुसरी मोजणी उरकावी, असा विचार होता. सहा वाजून चार मिनिटांनी पहिला ट्रॅक्टर आला. त्याने नोंद केली. एखादा अपवाद असतोच. सहा वाजून सात मिनिटांनी दुसरा आला. त्यानंतर तो घड्याळ पाहायचं विसरला.

पावणेसातपर्यंत ट्रॅक्टर अकरा, मोटारसायकली चौतीस, बैलगाड्या नऊ, ऑटो दोन आणि मळणीयंत्र एक, हंगाम नसताना. दुधाच्या किटल्या लावलेल्या सहा मोटारसायकली गेल्या. किटल्यांच्या आवाजावरून त्या रिकाम्या होत्या. डावा दिवा फुटलेला एक निळा ट्रॅक्टर एकाच दिशेने चार वेळा गेला आणि परत एकदाही आला नाही. यावरून तलावाकडून गावात येणारी दुसरी वाट असली पाहिजे, हे धम्मदीपने ओळखलं. बाकी त्याला काहीही ओळखता येत नव्हतं.

“साहेब, लिहिलं ना?” प्रत्येक जण ओरडून जात होता.

आणि या सगळ्यांमधून, धुळीत खोकत, एक म्हातारे गृहस्थ जुन्या सायकलवरून सारखे ये-जा करत होते. ते समोर आले की धम्मदीप पेन वर करून एक रेघ मारायचा. तेही हात वर करायचे आणि पुढे जायचे. सायकलच्या रकान्यात अकरा रेघा झाल्या.

सात वाजता ३.१ मीटर रुंदीच्या पांदणीत १.९ मीटर रुंदीचे दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले. बेरीज धम्मदीपला लगेच करता आली. ट्रॅक्टरवाल्यांना ती बाभळीत शिरल्यावर कळली.

“मांगं घे बे!”

“तूच घे! मह्यामांगं मळणीयंत्र हाय!”

त्या गर्दीच्या शेवटाला, तोंडावर ओढणी गुंडाळलेल्या मयुरी मॅडम आणि सायकल हातात धरून चालणारे गोपाल सर उभे होते. दोघंही एकाच रंगाचे झाले होते.

“सर,” मयुरी मॅडम म्हणाल्या, “झिरो?”

धम्मदीप काही बोलायच्या आत किसनराव पुढे आले. एक साहेब मोजायला, आता वर दोन साहेब तपासायला. प्रकरण वरपर्यंत गेलं होतं. त्यांनी खूण केली. हार आला, नारळ आला. गोपाल सरांच्या गळ्यात हार पडला, हातात नारळ आला.

“साहेब, दोन शब्द बोला.”

“अहो, मी केमिस्ट्रीचा हाय,” गोपाल सर घाबरून म्हणाले.

किसनराव गावाकडे वळले. “डांबर तपासाचे साहेब हायेत!”

टाळ्या झाल्या. मळणीयंत्रवाल्याने हॉर्न वाजवला. गोपाल सरांच्या पायातला जीव गेला आणि ते ट्रॅक्टरच्या चाकाला धरून खाली बसले.

शेवटी मयुरी मॅडमनीच आवाज चढवला. “आम्ही कॉलेजात शिकवतो! कोणी साहेब नाही! सायकल चालवायला आलो!”

“अन् हे?” किसनरावांनी धम्मदीपकडे बोट केलं.

“हेही शिकवतात.”

“मंग मोजते काऊन?”

मॅडमनी धम्मदीपकडे पाहिलं. सगळ्या पांदणीने पाहिलं.

“रस्ता रिकामा असला तर कोणी माझ्यासंग येईन,” धम्मदीप म्हणाला, “म्हणून मोजत होतो.”

एकेक इंजिन बंद होत गेलं. सगळ्यात शेवटी मळणीयंत्र. मग कपाशीतले पक्षी ऐकू आले.

“म्हंजे रस्ता होत नाही,” किसनराव सावकाश म्हणाले.

“नाही काका. मी तर मावशींना सांगितलंच होतं.”

“सांगतलं होतं,” सिंधूताई म्हणाल्या. “मी बी सांगतलं होतं.”

किसनरावांनी गोपाल सरांच्या गळ्यातला हार राहू दिला. नारळ परत घेतला. अर्ध्या तासात ट्रॅक्टर बाभळीतून निघाले, आणि जाताना कोणीही लिहिलं का म्हणून विचारलं नाही.

“राग नाही बरं, सर,” गोपाल सर हार काढत म्हणाले. “पण मी ग्रुप सोडतो.”

“पुढच्या रविवारी कोणी नसेल इथे,” धम्मदीप म्हणाला. “आता नक्की नसेल.”

“पुढच्या रविवारी माझ्याकडे पाहुणे आहेत,” मयुरी मॅडम म्हणाल्या.

“आणि त्याच्या पुढच्या?”

मॅडमनी ओढणी झटकली. धूळ बराच वेळ हवेत राहिली. “तेव्हाही असतील, सर,” त्या म्हणाल्या. तसं त्या वाईट वाटूनच म्हणाल्या.

ते दोघे गेले. धम्मदीप दगडावर बसला. पिशवीत चार जणांचे पोहे होते आणि चार कप. वहीतल्या रिकाम्या रेघेवर नाव लिहायला आता हरकत नव्हती. त्याने पेन उघडलं. तेवढ्यात घरून फोन आला.

“गेला होता का सायकलवर?” आई, शालूबाई, विचारत होती.

“हाव.”

“कोण कोण होतं?”

“लय जण होते, आई,” धम्मदीप म्हणाला. आकड्याच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं.

फोन ठेवला तर पुढ्यात जुनी सायकल उभी होती. अकरा रेघांचे म्हातारे बाराव्यांदा आले होते. दम लागला होता. त्यांनी हात वर केला.

“काका, संपलं आता,” धम्मदीप म्हणाला. “मी सर्व्हेवाला नाही.”

“आयकलं ना. तेथीच होतो मी.”

“मग? रस्ता काही होणार नाही.”

“मले रस्त्याचं काय करा लागते? वावर इकलं मी, तीन वर्सं झाले. किसन तं म्हणे, उकंडराव, सायकल धरत नाहीत सर्व्हेत, तुमी येऊ नका.” उकंडरावांनी स्टँड लावला. तो तिसऱ्या वेळी लागला. “सकाळी असाच निंघालो होतो. तुमी हात केला. म्हटलं, कोणी वळखीचं दिसते. म्हून परत आलो. परत हात केला.”

“मी रेघ मारत होतो, काका.”

“असन,” उकंडराव म्हणाले. “पण वर तं केला होता ना?”

धम्मदीपने याचा विचार केला. वर केला होता, हे खरं होतं. अकरा वेळा.

“पोहे खाता का?”

“कोणं केले?”

“मीच.”

उकंडराव दगडावर बसले. दोन घास खाऊन त्यांनी सांगितलं की मीठ कमी आहे, मग बायको, गीताबाई, असताना पोह्यांत मीठ कसं पडायचं ते सांगितलं, मग गीताबाईंना जाऊन किती वर्षं झाली ते, मग ही सायकल कोणत्या साली घेतली ते. हे सांगून होईपर्यंत साडेदहा झाले. पेन उघडंच राहिलं होतं; त्याची शाई वाळली.

तिसरी मोजणी बाकी होती. ती घेतल्याशिवाय काम पुरं होत नव्हतं, आणि ग्रुपवर सांगण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या रविवारी धम्मदीप मीठ बरोबर घेऊन गेला. त्या दिवशीची नोंद अशी आहे :

वेळ सकाळी सहा ते नऊ. मोटारी शून्य. मोटारसायकली शून्य. ट्रॅक्टर शून्य. बैलगाडी एक. शेळ्या चोवीस (एक नवीन). सायकली दोन, शेजारीशेजारी. पांदणीची लांबी ५.४ किलोमीटर. लागलेला वेळ : एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं.