अर्ध्या बाइटचा पत्ता

नर्सच्या मनगटावर बांधायच्या यंत्रातली मेमरी संपत आल्याची बाब कंपनीच्या निदर्शनास आली आणि तिची गंभीर दखल घेण्यात आली. यंत्राचं काम एवढंच होतं: रुग्णाने खाटेजवळची बेल दाबली की नर्सच्या मनगटावर धून वाजावी आणि हाक कोणत्या खाटेवरून आली ते पडद्यावर दिसावं. एवढ्या कामाला जागा पुरेशी होती. पण कंपनीचं बोधचिन्ह पडद्यावर गोल फिरत यावं असं वरिष्ठ पातळीवर ठरलं होतं, आणि फिरायला जागा लागते.

काम बिटूकडे आलं. ती नुकतीच शिकून लागलेली. मेमरीतल्या एकेका बिटसाठी भांडते म्हणून सगळे तिला बिटू म्हणत. तिने कोड वाचला आणि उधळपट्टी कुठे आहे ते तिला सापडलं. प्रत्येक हाकेसोबत यंत्र त्या खाटेच्या माहितीचा मेमरीतला संपूर्ण पत्ता, म्हणजे पॉइंटर, साठवत होतं. एका पत्त्याला चार बाइट.

"साहेब, शेजारच्या घरी वाटी पाठवताना आपण देश, राज्य, पिनकोड सांगतो का?" ती म्हणाली. "सगळ्या खाटांची माहिती मेमरीत एका ओळीत आहे. ओळ कुठे सुरू होते ते एकदाच लक्षात ठेवू. पुढे फक्त तिथपासूनचं अंतर. दोन बाइटांत भागतं."

भागलं. ही बचत निर्दोष होती. तिथेच थांबले असते तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

मोकळ्या जागेत बोधचिन्ह मजेत फिरू लागलं आणि धून आणखी लांबवण्यात आली. जागा संपली. साहेबांनी बिटूला बोलावलं.

"पत्ता आणखी लहान होईल?"

"अंतराऐवजी नुसता खाटेचा क्रमांक ठेवला तर एका बाइटात बसेल. पण हॉस्पिटलमध्ये दोनशे छप्पनपेक्षा जास्त खाटा असल्या तर..."

"आपल्या गिऱ्हाइकाकडे आहेत?"

"नाही. तीन वॉर्ड, प्रत्येकी सोळा खाटा."

"मग नसलेल्या खाटांवरच्या नसलेल्या रुग्णांची काळजी तू कशाला करतेस? पगार आपल्याला असलेल्या रुग्णांचा मिळतो."

यानंतर मार्केटिंगवाल्याला स्फुरण चढलं. नर्स थकलेली असते, तेव्हा बेल वाजताच पडद्यावर हसरा चेहरा उगवावा आणि त्याने डोळा मिचकावावा, असा त्याचा प्रस्ताव होता.

"डोळा कशाला मिचकावायचा?" बिटूने विचारलं.

"नुसतं हसलं की खोटं वाटतं."

डोळ्याची पापणी बरीच जागा खाणार होती. सगळ्यांनी बिटूकडे पाहिलं. अर्ध्या बाइटात सोळाच आकडे मावतात आणि वॉर्डात खाटाही सोळाच, हा योगायोग साहेबांना दैवी वाटला.

"खाट कळेल, साहेब, वॉर्ड नाही कळणार," बिटू म्हणाली. "नर्स कुठल्या वॉर्डात आहे ते यंत्राला वेगळं सांगावं लागेल."

"नर्सला स्वतःला माहीत असतं ना?"

"असतं."

"मग तेच यंत्राला सांगायचं म्हणजे एकच गोष्ट दोनदा लक्षात ठेवणं. बचतीच्या धोरणाविरुद्ध आहे ते."

तरीही बिटूने वॉर्ड बदलण्याचा छोटासा कोड हळूच आत ठेवला. पुढच्या बैठकीत एकच डोळा मिचकावणारा चेहरा काही ज्येष्ठांना असभ्य वाटला. दोन्ही डोळे मिचकावेत, असं ठरलं. दुसऱ्या पापणीसाठी तो कोड काढण्यात आला. आता यंत्र सुरू होताना पहिला वॉर्ड धरून चाले आणि शेवटपर्यंत तोच धरून बसे. प्रत्येक वॉर्डाला आपापली नर्स होती तेव्हा याचा त्रास कुणालाच झाला नाही. ज्या त्या वॉर्डाची बेल तिथल्याच मनगटावर वाजे.

मात्र यंत्र इतकं कार्यक्षम असल्याचं पाहून हॉस्पिटलनेही बचतीत आपला वाटा उचलला. तीन वॉर्डांना मिळून एक नर्स आणि एकच यंत्र ठेवण्यात आलं.

आणि त्याच आठवड्यात बिटूचे बाबा खुब्याच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले. वरच्या मजल्यावरचा तिसरा वॉर्ड, तीन नंबरची खाट. डॉक्टरांनी बजावलं होतं, काहीही लागलं तरी बेल दाबा, स्वतः उठायचं नाही.

बिटू भेटायला गेली तेव्हा बाबांचे ओठ कोरडे पडले होते.

"तुमचंच ना हे यंत्र?" त्यांनी बेल दाबत विचारलं.

"हो."

"गातं छान. ऐक, खाली वाजतंय. येत मात्र कुणी नाही. आता थोडा वेळ बघतो, नाहीतर जातो आपला भिंत धरून."

"बाबा, पाय खाली टेकवलात तर बघा!"

तिने त्यांना पाणी दिलं आणि धुनेच्या मागे ती जिना उतरली. पहिल्या वॉर्डात तीन नंबरच्या खाटेवर सलाईन लावलेले एक आजोबा नर्सला हात जोडत होते.

"सिस्टर, शपथ घेऊ का? मी नाही दाबली हो बेल!"

"मग काय यंत्र खोटं बोलतंय? बघा, चेहरासुद्धा हसतोय."

बिटूने तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, तिसऱ्या वॉर्डाची बेल पहिल्या वॉर्डात जाते."

"जाते ना? वाया जात नाही ना?"

"भलत्याच माणसाकडे जाते!"

"हे बघ, 'प्रत्येक बेलला तत्काळ प्रतिसाद' एवढंच आपण कबूल केलंय. कुणाला, ते कुठे म्हटलंय?"

"हाकेसोबत वॉर्डाचा नंबरही ठेवू या. एका पापणीची जागा पुरे."

"पुन्हा एक डोळा? अगं, चार बैठका झाल्या त्या डोळ्यांवर. पुढच्या आवृत्तीत बघू."

पुढची आवृत्ती येईपर्यंत बाबा भिंत धरून निघाले असते. बिटू तिथेच उभी राहिली. तेवढ्यात आजोबाच कुरकुरले, "डोळा लागू देत नाहीत गं पोरी. घडीघडीला पाणी हवंय का, पाणी हवंय का! वरच्या मजल्यावर तरी शांतता असते का?"

बिटूला एक युक्ती सुचली. युक्ती नियमात बसणारी होती.

"अगदी शांत असतं, आजोबा," ती म्हणाली. "वर कुणी येतसुद्धा नाही."

संध्याकाळपर्यंत बाबांच्या आणि आजोबांच्या खाटांची अदलाबदल झाली. आजोबांनी वर जाताना तिला तोंडभरून आशीर्वाद दिले.

दुसऱ्या दिवशी आत्या भेटायला आली आणि थक्क झाली. "काय सेवा आहे गं! दादाने तोंड उघडायच्या आत पाणी हजर! आणि हे यंत्र आपल्या पोरीने केलंय, होय ना?"

"मी फक्त पत्ता लहान केला," बिटू म्हणाली, आणि ते खरंच होतं.

बाबांचा चेहरा तजेलदार दिसत होता. चादर बदललेली, उशी थोपटलेली. साहेबांकडे पुन्हा जायचा विचार बिटूच्या मनात आला होता, पण आता घाई उरली नव्हती. पुढच्या आवृत्तीत बघता येईल, असं तिलाही पटलं.

तर बाबांची सोय झाली. इतका वेळ तुमचाही जीव त्यांच्यासाठीच टांगणीला लागला होता, तो आता भांड्यात पडला असेल. पान उलटायला हरकत नाही. फक्त जरा वाट द्या, नर्स पुन्हा घाईघाईने येते आहे.

"काका, बेल दाबलीत?"

"नाही बुवा," बाबा म्हणतात. "पण आलीच आहेस तर उशी जरा वर सरकव."